बोर्डावरचा हसरा दात

प्रिंटवाल्याच्या दुकानात दोनच गिऱ्हाइकं होती आणि दोघांनाही घाई होती. तिला तिची व्हिजिटिंग कार्डं हवी होती, त्याला बोर्ड हवा होता. बाहेर पावसाची भुरभुर चालू होती, आणि आत छपाईचं मशीन कागद गिळून बसलं होतं. त्यामुळे काउंटरला टेकून उभं राहण्यावाचून दोघांनाही गत्यंतर नव्हतं.

प्रिंटवाला एका हातानं मशीनच्या पोटातून कागद ओढत होता आणि दुसऱ्या हातानं त्याला कॉम्प्युटरवर तयार डिझाइनं दाखवत होता. दातांच्या दवाखान्यासाठी त्याच्याकडे ढीगभर पडली होती. सगळ्यांत एक पांढराशुभ्र दात, त्याच्यामागे निळी लाट आणि दाताच्या टोकाला लुकलुकणारी चांदणी. ह्यातलं कुठलंही घ्या डॉक्टर, सगळे दातवाले हेच नेतात, असं त्याचं म्हणणं.

तिनं मध्ये बोलायचं काहीएक कारण नव्हतं. पण जित्याची खोड!

"ही लाट कशाला आहे?" तिनं विचारलं.

तो वळला. केस भिजलेले, चष्म्यावर पावसाचे थेंब. त्यानं चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि आधी तिच्याकडे आणि मग स्क्रीनकडे नीट पाहिलं.

"चूळ भरलेली असेल," तो गंभीरपणे म्हणाला.

तिला हसू आवरेना. प्रिंटवाल्याला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. तेवढ्यात मशीननं कागद सोडला आणि तिची कार्डं एकेक करून बाहेर पडायला लागली. डॉक्टरनं न विचारता वरचं एक उचललं. कार्ड अजून कोमट होतं.

"ग्राफिक डिझायनर, स्वतंत्र," त्यानं वाचलं. "स्वतंत्र म्हणजे?"

"म्हणजे डोक्यावर साहेब नाही."

"अरे वा. मीही कालपासून स्वतंत्रच आहे. बोर्ड करता तुम्ही?"

तिनं जन्मात एकटीनं बोर्ड केला नव्हता. ऑफिसात होती तेव्हा दुसऱ्यांनी केलेल्या बोर्डांवरचे फोन नंबर नीट लावायचं काम तिच्याकडे असे. "करते की," ती म्हणाली, आणि इतक्या थंडपणे म्हणाली की तिचं तिलाच नवल वाटलं.

आता हे स्वतंत्र प्रकरण काय होतं, ते सांगायला हवं. ती दादा-वहिनीकडे राहायची. चांगली नोकरी सोडून तिनं घरातल्या मागच्या खोलीत दुकान मांडलं होतं. खोली म्हणजे खरं तर अडगळीची. एका भिंतीला तिचं टेबल आणि दुसऱ्या भिंतीला वॉशिंग मशीन. मशीन कपडे पिळायला लागलं की टेबल थरथरायचं आणि स्क्रीनवरची रेघ हातातून निसटायची. त्यामुळे बारीक काम कधी करायचं हे वहिनीच्या धुण्यावर ठरे. इतके दिवस आलं होतं ते काम चिल्लरच. ओळखीतल्या कुणाच्या बारशाची पत्रिका... कुणाच्या दुकानाचं पाकीट...

दादाचा पगार ह्या शब्दावर फार जीव. तो बोलायचा नाही, पण जेवताना सुस्कारे टाकायचा. त्यात जुन्या साहेबांनी निरोप धाडला होता की तुझी खुर्ची महिनाअखेरपर्यंत रिकामी ठेवतो, विचार कर. शेवटी तिनंच दादाला शब्द दिला होता. महिनाअखेरपर्यंत एकतरी मोठं काम माझ्या नावावर झालं, तर मी राहीन. नाही झालं, तर गुपचूप परत जाऊन बसेन.

आणि आता हा बोर्ड आला होता. एकच, पण हमरस्त्यावरचा, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसेल असा.

दवाखाना कोपऱ्यावरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर होता. भिंतींना अजून रंग नव्हता. मधोमध दातांची ती लांबलचक खुर्ची, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. ती बोर्डाचं माप घ्यायला गेली तेव्हा त्यानं टेपचं एक टोक धरलं, तिनं दुसरं. खिडकीच्या वरची जागा, काही फार लांब नव्हती. तरी माप बराच वेळ चाललं.

"सोडू का आता?" तिनं विचारलं.

"इतक्यात नको... आकडा चुकेल."

"तुम्ही आकडा बघितला तरी का?"

"तोच बघतोय," तो म्हणाला. बघत होता तिच्याकडेच.

मग त्यानं थर्मासमधली कॉफी कपात ओतून दिली. ती प्यायली, एका बाजूनं, मान किंचित कलती करून. त्याच्या नजरेतून ते सुटलं नाही. उजवीकडची दाढ कधीपासून दुखतेय, असं त्यानं विचारलं. ती म्हणाली, छे, कुठे दुखतेय. बरं मग, तो म्हणाला, थंड पाणी देऊ का प्यायला? त्यावर ती गप्प बसली, आणि अशा रीतीनं त्या खुर्चीचं प्लास्टिक पहिल्यांदा तिच्यासाठी निघालं.

"दुखेल का?" तिनं विचारलं. आजवरचे सगळे डॉक्टर ह्या प्रश्नाला 'अजिबात नाही' म्हणाले होते आणि प्रत्येक वेळी तिच्या डोळ्यांतून पाणी काढून मोकळे झाले होते.

"सुई टोचताना दुखेल," तो म्हणाला. "थोडं. मग नाही."

दुखलं, थोडं. मग नाही. एवढ्याशा गोष्टीचं तिला किती बरं वाटलं! हा माणूस खोटं बोलत नाही, असं तिच्या मनानं तिथल्या तिथे लिहून घेतलं.

तिच्या तोंडात कापूस होता. आता तुम्हाला बोलता येणार नाही, म्हणजे मला निवांत बोलता येईल, असं म्हणून तो काम करता करता बोलत राहिला. मोठ्या हॉस्पिटलातली नोकरी त्यानं सोडली होती. तिथे दिवसभर तोंडं बघायची, माणूस बघायला सवड नाही. त्याच्या वडिलांना हे पटलेलं नव्हतं. दोन महिन्यांत दुकान बंद करून येशील, असा त्यांचा आशीर्वाद होता. हे सगळं तो हसत सांगत होता. मग एकदम थांबला.

"एकटीनं काम करायची भीती वाटते का हो? वाटत असेल तर बोट वर करा."

ती क्षणभर छताकडे बघत राहिली. मग तिनं हळूच एक बोट वर केलं.

त्यानं हातातलं हत्यार बाजूला ठेवलं आणि आपलंही एक बोट वर केलं.   त्या दुपारी खुर्चीतून उठून बेसिनवरच्या आरशात स्वतःलाच हसताना दाढेबरोबर आणखीही काहीतरी हलकं झाल्यासारखं तिला वाटलं.

ती घरी आली तेव्हा अर्धा चेहरा बधिर होता आणि वॉशिंग मशीन धडधडत होतं. बारीक काम शक्य नव्हतं. तेव्हा तिनं ठरवलं, आधी बकरा उरकून टाकावा.

बकरा म्हणजे काय, ते तिच्या धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. तिच्या साहेबांचा मंत्रच होता, की गिऱ्हाइकाला कधी एक डिझाइन दाखवू नये, तीन दाखवावीत. एक आपल्या मनातलं, एक त्याच्यासारखंच पण जरा कमी, आणि तिसरं मुद्दाम वाईट. तिसऱ्याला नाही म्हणताना गिऱ्हाइकाला आपण फार चोखंदळ आहोत असं वाटतं, आणि मग ते पहिल्याला आनंदानं हो म्हणतं. ते तिसरं म्हणजे बळीचा बकरा. ऑफिसात त्याला नुसतं बकराच म्हणत.

तर तिनं दहा मिनिटांत बकरा काढला. एक गोलमटोल दात. त्याला दोन पाय, पायांत बूट. दाताचं तोंड उघडं, एका बाजूनं कानापर्यंत हसणारं, आणि त्या तोंडात दातांची अख्खी बत्तिशी. दाताला दात! अक्षरं पाच रंगांची, एक वर एक खाली, जत्रेला निघाल्यासारखी. काढताना ती एकटीच खुदुखुदु हसत होती. वहिनी मशीनमधले कपडे काढायला आली तेव्हा डोकावून बघून म्हणाली, "वन्संबाई, औषध फार चढलंय."

पुढचा सगळा आठवडा मात्र तिनं पहिल्या दोन डिझाइनांवर घालवला. पुस्तकं उलटीपालटी केली, अक्षरांतली अंतरं केसाकेसानं कमी-जास्त केली. शेवटी पहिलं असं झालं की त्याला नावं ठेवायला जागा राहिली नाही. एक बारीक वळणदार रेघ, राखाडी अक्षरं, बस. साहेबांनीसुद्धा मान डोलावली असती.

त्यानं पहिलं पाहिलं आणि छान आहे म्हणाला. दुसरं पाहिलं, तेही छान म्हणाला. मग तिसरा कागद उलटला, आणि आधी त्याच्या भुवया वर गेल्या, मग तो हसायला लागला. चष्मा काढून डोळे पुसण्याइतका हसला. मग हसणं थांबलं आणि तो त्या कागदाकडे नुसताच बघत बसला, बराच वेळ.

"हा," तो म्हणाला.

"हा काय?"

"हा घ्यायचा."

"अहो, पण... त्या दाताला दात आहेत."

"दिसले."

"असं कुठे असतं का?"

"नसतं. पाच वर्षं तेच शिकलोय मी," तो म्हणाला. "पण हाच घ्यायचा. आणि खाली कोपऱ्यात तुमचं नाव घाला. कुणी केलंय ते लोकांना कळू दे."

ह्याच क्षणी तिनं तोंड उघडायला हवं होतं. पण साहेबांचा दुसराही एक मंत्र होता, गिऱ्हाईक हो म्हणालं की तोंड मिटायचं. तिनं ते मिटलं. घरी येऊन सांगितलं, काम पक्कं झालं. दादानं त्या दिवशी जेवताना एकदाही सुस्कारा टाकला नाही.

मग चांगलीच पंचाईत झाली. एक तर तो रोज काहीतरी विचारायला फोन करायला लागला. भिंतीला कुठला रंग देऊ, पडदे कसले लावू, बसायच्या बाकावर गादी हिरवी घेऊ की पिवळी. ह्यातल्या एकाही गोष्टीसाठी डिझायनर लागत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि दोघंही ते बोलून दाखवत नव्हते. ती जायची. दोघं रंगाच्या दुकानात पिवळ्यावरून भांडायचे. परतताना पाऊस असला तर एका छत्रीत, आणि तो छत्री अशी धरायचा की ती कोरडी राही आणि त्याचा डावा खांदा ओलाचिंब होई. तिला तो आवडायला लागला होता. लागला होता कसला, आवडून चुकला होता. वहिनीनं एव्हाना त्याचं नाव दातोबा ठेवलं होतं. फोन वाजला की ती स्वयंपाकघरातून ओरडे, "वन्सं, दातोबा आले."

आणि दुसरीकडे तो बोर्ड. तिच्या आयुष्यातला पहिला मोठा बोर्ड, हमरस्त्यावर, जुन्या ऑफिसातल्या सगळ्यांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर. त्यावर तिनं मुद्दाम वाईट काढलेला दात, आणि खाली तिचं नाव. लोकांनी हसावं, ह्याची तिला तितकी भीती नव्हती. भीती वेगळीच होती. सुई दुखेल हेसुद्धा आधी सांगणाऱ्या माणसाला ती फसवत होती. खरं सांगावं, तर काम हातचं जाणार, महिनाअखेर ऑफिसातल्या त्या खुर्चीत जाऊन बसावं लागणार, आणि तोही जाणार. न सांगावं, तर सगळंच राहणार होतं, पण त्या खोट्यावर. रोज ती ठरवून निघायची, आज सांगते. आणि रोज पडद्यांवर बोलून परत यायची.

शेवटी बोर्डवाल्यानंच तिची कोंडी फोडली. त्यानं सकाळी फोन करून सांगितलं, मॅडम, आता पक्की फाइल पाठवा, उद्या पत्रा कापायला घेतो. तिनं फोन ठेवला, चपला घातल्या आणि वाटेत विचार करायला वेळ मिळू नये म्हणून जवळजवळ धावतच दवाखाना गाठला.

तो शिडीवर उभा राहून पडद्याची दांडी लावत होता. तिला बघून त्याचा चेहरा असा काही उजळला, की तिला तिथूनच परत फिरावंसं वाटलं.

"खाली या," ती म्हणाली. "एक सांगायचंय. तुम्हाला दुखेल... थोडं."

आणि तिनं सगळं सांगितलं. तीन डिझाइनांची रीत, बकरा, साहेबांचे मंत्र. तिसरं डिझाइन नाकारलं जावं म्हणूनच काढलं होतं, आणि ते निवडलं तेव्हा आपण भित्र्यासारखं गप्प बसलो, हेही.

तो ऐकत होता. हातातला स्क्रू बोटांत फिरवत होता.

"म्हणजे मी निवडतोय असं मला वाटत होतं," तो म्हणाला, "आणि निवडून तुम्ही आधीच ठेवलं होतं."

"हो."

"मी पेशंटला दोन उपाय सांगतो ना, तेव्हा दोन्ही खरे असतात."

 तिनं मान खाली घातली.

"आणि मी हसत होतो तेव्हा तुम्ही मनात म्हणत असाल, काय येडं गिऱ्हाईक मिळालंय."

"नाही," ती म्हणाली. "शप्पत नाही. मी म्हणत होते, आता ह्यांना सांगू कसं."

त्यानं स्क्रू खिशात टाकला. बोर्डवाल्याला थांबायला सांगतो, एवढंच म्हणाला, आणि पुन्हा शिडी चढला. त्याचा आवाज चढला नव्हता, चेहराही रागीट नव्हता. तेच जास्त लागलं.

रस्त्यावर आल्यावर तिला वाटलं, आता रडू येईल. पण आलं नाही. सगळं हातचं घालवून बसली होती, आणि तरी कितीतरी दिवसांनी तिला पोटभर श्वास घेता येत होता. मनावरचा धोंडा उतरला होता. वाईट वाटत होतं, फार वाटत होतं, पण लाज वाटत नव्हती.

घरी आल्यावर वहिनीनं चेहरा बघितला आणि काही न विचारता मशीन बंद केलं. मग वहिनीच तिन्ही कागद टेबलावर मांडून कितीतरी वेळ बघत बसली. नणंदेच्या मनातला पहिला नंबर कुठला, आणि बकरा कुठला, हे तिला सांगून झालं होतं.

"रागावू नकोस," वहिनी म्हणाली, "पण हे तुझे दोन शहाणे कागद बघितले की मला दाढ काढायला चाललेय असं वाटतं. आणि हा बघितला की काढून घरी आलेय असं वाटतं."

"वहिनी, तो मी वाईट काढलाय."

"काढला असशील. तुला जमला नाही वाईट काढायला."

वहिनी उठून गेली तरी हे वाक्य खोलीतच राहिलं. नणंदेनं तिसरा कागद पुढे ओढला आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे काम म्हणून पाहिलं. पाच रंग भयंकर होते, अक्षरं भयंकर होती. पण तो दात... त्याला कुणाची भीती नव्हती. पहिल्या दोन कागदांवरची प्रत्येक रेघ साहेब काय म्हणतील ह्या धाकात ओढलेली होती. आणि हा बकरा काढताना तिला कुणी बघतच नव्हतं. नोकरी सोडून ती ह्याचसाठी आली होती, आणि आल्यावर मात्र साहेबांना मनातल्या मनात सोबत घेऊन बसली होती.

तिनं आधी साहेबांना फोन लावला. खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी द्या, म्हणाली. काम मिळालं का, त्यांनी विचारलं. ती म्हणाली, मिळालं होतं, गेलं बहुतेक.

"मग?"

"मग काही नाही, साहेब. दुसरं शोधीन. पण आता बकरा काढणार नाही."

साहेब खो खो हसले. "अगं, बकऱ्याशिवाय हा धंदा चालत नाही."

"बघते चालतो का," ती म्हणाली.

दादाला सांगायचं काम वहिनीनं अंगावर घेतलं. दादा म्हणे एवढंच म्हणाला, तिला त्या मशीनच्या थरथरीत काम करावं लागतं, ते आपण बाल्कनीत हलवू या.

मग ती दाताला भिडली. रंग दोनच ठेवले. अक्षरं साधी, ठसठशीत, लांबून वाचता येतील अशी केली. बूट काढले, पाय राहू दिले. हसू एका बाजूला झुकलेलं होतं, ते दोन्हीकडे सारखं, प्रमाणात करून घेतलं. तोंडातली बत्तिशी मात्र जशीच्या तशी ठेवली. आणि एकच कागद घेऊन ती दवाखान्यात गेली. त्यानं नाही म्हटलं, तरी ती ह्या कागदासाठी मान वर करून उभी राहू शकत होती.

पडदे लागले होते. पिवळे, तिनं सांगितलेलेच. तो बाकावर एकटाच बसला होता.

"ह्या वेळी एकच आणलंय," ती म्हणाली. "हे चांगलं आहे म्हणून आणलंय. नाही आवडलं तर तसं सांगा, मी जाईन."

त्यानं कागद घेतला. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तो हसला नाही.

"छान आहे," तो म्हणाला. हा छान तिच्या ओळखीचा होता. "खरंच छान आहे. रंग, अक्षरं... पण हसू कुठे गेलं?"

"आहे की. हे काय."

"हे सरळ आहे. आधीचं एका बाजूनं होतं. डावीकडून वर, आणि उजवीकडे... जरा झोपलेलं."

"तो तोल चुकला होता. नीट केला मी."

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुसतच राहिला. मग चष्मा हातातच ठेवून बोलायला लागला.

"मी तुमच्यावर रागावलो, कारण तुम्ही खरं सांगितलं नाहीत. दोन दिवस इथे बसून रागावलो. मग आठवलं, मी तरी कुठे सांगितलं?... त्या दिवशी तुमची दाढ भरली. तुम्ही उठून बेसिनपाशी गेलात, आरशात बघितलंत आणि स्वतःलाच हसलात. अर्धा चेहरा बधिर. डावीकडून हसू वर, उजवीकडे झोपलेलं. मग तुम्ही तीन कागद आणलेत, आणि तिसऱ्यावर तेच हसू होतं. मी बोर्ड निवडलाच नव्हता हो. ते हसू दवाखान्यावर लागेल आणि रोज येता-जाता दिसेल, एवढाच विचार केला मी."

तिला पहिल्यांदा कळेचना. मग तिनं तो जुना दात डोळ्यांसमोर आणला, आणि आरसा आठवला, आणि तिच्या कानशिलांपर्यंत ऊन ऊन होत गेलं. दहा मिनिटांत, धडधडणाऱ्या टेबलावर, तिनं वाईट म्हणून स्वतःलाच काढलं होतं.

"म्हणजे..." ती म्हणाली. "तुम्हीही खोटंच बोललात."

"बोललो."

"दवाखान्याचा बोर्ड असा निवडतात का कुणी?"

"नाही निवडत. वडील म्हणतात ते उगाच नाही."

आणि ती हसायला लागली. आठ-पंधरा दिवसांची सगळी भीती, सगळं अवघडलेपण त्या हसण्यातून निघून गेलं. तोही हसत होता, पण जरा जपून, अजून उत्तर न मिळालेल्या माणसासारखा. ते तिच्या लक्षात आलं. तिनं पिशवीतून पेन्सिल काढली, त्याच्या शेजारी बाकावर बसली आणि कागद गुडघ्यावर घेतला.

"सांगा. कुठून वर होतं?"

"डावीकडून. अजून थोडं... नाही, इतकं नको." तो कागदाकडे बघेना, तिच्याकडे बघून सांगायला लागला. "हसा बघू जरा."

ती हसली.

"असं नाही. हे सगळं तोंडभर आहे."

"मग काय, आता औषध टोचणार का पुन्हा?"

"टोचीन. पण दुखेल, आधीच सांगतो."

"थोडं ना?"

"थोडं."

तिनं पेन्सिल थांबवली. हातात आलेलं काम होतं, समोर तो होता, आणि लपवायचं काही उरलं नव्हतं. अशा वेळी डावपेच सुचत नाहीत, सुचूही नयेत.

"मला तुम्ही आवडता," ती म्हणाली. "बोर्ड करा, नका करू. ते वेगळं. हे मी तरीही सांगणार होते."

त्यानं डोळे मिटून एक लांब श्वास सोडला. इतका वेळ उचलून धरलेलं ओझं त्यानं शेवटी खाली ठेवलं असावं. "बरं झालं सांगितलंत," तो म्हणाला. "मी आणखी पडदे कुठे लावणार होतो? खिडक्या संपल्या."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बोर्डवाला होता. त्याचं बोलणं तिला बसल्या जागी ऐकू येत होतं. पत्रा येऊन पडलाय, माणसं बसून आहेत, करायचं की नाही ते एकदाचं सांगा. त्यानं फोनवर हात ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं.

"विचारतोय, सुरू करू का?"

तिनं कागदावरचं हसू एकदा बघितलं. डावीकडून वर, उजवीकडे जरा झोपलेलं. खाली कोपऱ्यात तिनं स्वतःच्या हातानं आपलं नाव लिहिलं आणि कागद त्याच्या मांडीवर ठेवला.

"करा म्हणावं," ती म्हणाली.